ना हरकत

बेंगलोरच्या कचेरीनं लिहून दिलं,
तीन प्रती, जांभळा शिक्का:
ही गाडी राज्याबाहेर जायला आमची हरकत नाही.
खिडकीतला माणूस तोंडानंही म्हणाला,
अभ्यंतर इल्ला.
कन्नडमध्ये हरकतीला अभ्यंतर म्हणतात.
आपल्याकडे अभ्यंतर म्हणजे आतलं.
एकोणीस वर्षं राहिले त्या गावात.
कर्ज नाही, दंड नाही, चोरीची नोंद नाही,
आतलंही काही नाही.

कंपनीनंही दिलं होतंच एक पत्र.
त्यात निदान शुभेच्छा होत्या.

आता सांगली. आरटीओच्या दारात, लिंबाखाली,
दस्तगीर मकानदार स्टुलावर, मांडीवर फायली.
"केए पासिंग व्हय? मग पळापळ हाय ताई.
टॅक्स हितं नव्यानं भरायचा,
तिथला परत मागायचा. मिळतोय म्हणत्यात.
मी मिळालेला माणूस अजून बघितला न्हाई."

लायसनही संपलेलं. चाळिशीनंतर डॉक्टरचा कागद लागतो.
डॉक्टर मगदुमांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता.
शेवटची ओळ मला धूसर.
क, मग बहुतेक ष, किंवा प.
"तुम्ही आरवाडे मास्तरांच्या धाकट्या ना?"
हो म्हटलं.
त्यांनी लिहिलं: दृष्टी नॉर्मल.

गाडी तपासणीच्या रांगेत,
पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं कुणाची नवी कोरी, हार घातलेली.
मकानदारांचा तौसिफ बॉनेटमध्ये अर्धा शिरला,
पत्र्यावर पातळ कागद चिकटवला
आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासू लागला.
असाच आम्ही वहीच्या पानाखाली चार आणे ठेवून
गेंडा काढायचो, गणिताच्या तासाला.
इथं गेंडा नाही. सतरा अक्षरं आणि आकडे,
काळ्यातून पांढरे वर येताना.
या गाडीत मी जेवलेय, भांडलेय फोनवर,
एकदा होसूर रस्त्याला रात्रभर झोपलेय, काचा वर करून.
हा नंबर कधी बघितला नव्हता.
तौसिफनं कागदावर फुंकर मारली.
"आला बघा. स्वच्छ आलाय."

अर्जात दोन चौकटी.
कायमचा पत्ता. सध्याचा पत्ता.
इतकी वर्षं वरची तीच, खालची बदलत गेली:
सात घरं, सात मालक, डिपॉझिटं कापलेली.
या खेपेला खाली एकच शब्द लिहिला, वरीलप्रमाणे,
आणि पेन जरा वेळ तिथंच धरून ठेवलं.
खिडकीतल्या मॅडमनी अर्ज परत सरकवला.
"असं चालत नाही. पूर्ण लिहा, पिनकोडसकट."
लिहिला.
दुसऱ्यांदा लिहिताना गल्लीचं नाव चुकलं,
खोडलं, तिथं सही करावी लागली.

चष्मा काढा. हसू नका.
हसत नव्हते मी.

चार हेलपाटे. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मिरजेला,
एकदा पैसे भरून पावतीच आली नाही,
त्या दिवशी मकानदारांनी आपल्या भडंगातली अर्धी पुडी दिली
आणि "कांदा न्हाई बघा" म्हणून उगाच माफी मागितली.

पाचव्या वेळी नंबर मिळाला. एमएच दहा.
तौसिफनं जुनी पाटी उचकटली, स्क्रू गंजलेले.
"ही टाकू?"
डिकीत ठेव म्हटलं. का, ते नाही सांगता आलं.
स्टेपनीवर ती अजून वाजते, खड्डा आला की.

मागच्या महिन्यात कॉलेज कॉर्नरला,
रस्ता खणलेला असताना मी गाडी चुकीच्या अंगानं घातली,
तर रिक्षावाला थांबून म्हणाला होता,
"पाव्हणं, हिकडनं बंद हाय. मागं घ्या, मी बघतो."
रस्ता अजून खणलेलाच आहे.
काल पुन्हा तिथंच, तशीच घातली.
रिक्षा वेगळी असेल, किंवा तीच.
"डोळं फुटल्यात काय?"

नॉर्मल आहेत, म्हणणार होते मी,
कागद आहे माझ्याकडे.
पण मागून हॉर्न वाजायला लागले होते.